प्रार्थनेची वही

देवाला फोन नंबर कशाला लागतो, हे मोठीबाईंना काही केल्या उमगेना.

समोर उमेदवाराचा प्रचारक बसला होता. छातीवर बिल्ला, ‘श्रद्धा जपा, घर जपा’. डोळे मात्र बाईंच्या मांडीवरच्या वहीवर. प्रार्थनाघरात लोक आपलं दुखणंखुपणं बाईंच्या कानात सांगत आणि बाई ते वाकड्यातिकड्या अक्षरांत या वहीत उतरवून घेत, घरटी एक पान. वीस वर्षांत त्यातला शब्द बाहेर गेला नव्हता.

“साहेब रोज सकाळी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात, मावशी. आजकाल देवाधर्माची चाड आहे कुणाला? साहेबच काय ते उरलेत.”

“मग नावं सांगते. घ्या लिहून.”

“पत्ताही लागेल.”

“देवाला घरं ठाऊक आहेत.”

“आणि फोन नंबर...”

“साहेब प्रार्थना करणार की गप्पा मारणार?”

थोरला लेक मध्ये पडला. “आई, भला माणूस आहे. किती ताणशील?” त्याच्याही शर्टावर कालपासून तोच बिल्ला होता. बाईंनी चहा पाजून प्रचारकाला वाटेला लावलं आणि वही उशीखाली सारली.

चौथ्या दिवशी शेजारची शिवणवाली दारात उभी. हातात छापील कार्ड. ‘आपल्या मुलीचा मोडलेला संसार जुळावा म्हणून साहेब प्रार्थना करत आहेत. मतदानाला सहकुटुंब यावे.’

“हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, मोठीबाई. गल्लीला मी सांगत होते, लेक सुट्टीला आलीय. आता पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलंय.”

बाईंनी वळून लेकाकडे पाहिलं. त्याची नजर जमिनीवर. “चांगल्यासाठीच वहीचे फोटो काढून दिले, आई. प्रार्थनेने कुणाचं वाईट होतं का?”

बाईंनी उशीखालून वही काढली आणि पदराखाली घेतली.

पुढच्या प्रार्थनेला त्या वही घेऊन दारातच उभ्या राहिल्या. “माझ्याच घरातून फुटलं,” प्रत्येकाला सांगायचं, पान टर्रकन फाडायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. जन्मात कुणापुढे न वाकलेली बाई, पण त्या दिवशी एकदाही मान वर केली नाही. शिवणवालीने पान घेतलं आणि पाठ फिरवली.

सगळ्यांत शेवटी लेक आला. “आणि माझं पान?”

“तुझ्यासाठी मी मनातल्या मनातच मागत आले,” बाई म्हणाल्या. “म्हणून तेवढं वाचलं.”