पन्नास पिशव्यांचा प्राणवायू

काटा शून्यालाच चिकटलेला. मीटरच्या फुटक्या काचेवर ज्योत्सनाने नखाने टिचकी मारून पाहिली, तरी ढिम्म... प्राणवायूच्या सिलिंडरच्या गळ्यावर ठोकलेला आकडा मात्र ठळक होता : रिकाम्याचं वजन, पंधरा किलो.

“खाली झाला असन वं तो,” सासरे खेमराज म्हणाले. “बाबुलालले परत धाडतो.”

माशांची पिल्लं न्यायला बाबुलालचा टेम्पो लाखांदूरहून येऊन सानगडीच्या तलावाच्या पाळीवर उभा होता. रोहूची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, प्रवासासाठी कालपासून उपाशी ठेवलेली, बारीक जाळीत दाटीने कोंडलेली. आज पन्नास पिशव्यांत भरून गेली नाहीत तर उद्या निम्मी उलटी तरंगणार. आणि भरता भरता प्राणवायू संपला तर पिशव्यांत घेतलेली तिथेच तडफडणार. घराचा अख्खा हंगाम त्या जाळीत होता.

“वजन करून पाहू का, मामाजी?”

मीटर काढून, मासळी तोलतात त्याच काट्यावर : पंधरा किलो आठशे. आत आठशे ग्रॅम वायू! डोळ्यांना दिसत नाही, पण वजन तर आहे — एकोडीला माहेरी बारावीत पाठ केलेलं सगळं कुठूनसं धावत आलं. मोल म्हणजे कणांची मोजणी, डझनासारखीच, फक्त अफाट. ऑक्सिजनचा मोल सोळा ग्रॅमचा, आठशेला सोळाने भागलं की पन्नास मोल. एका मोलाची जागा बावीस पूर्णांक चार लिटर... अकराशे वीस लिटर! एका पिशवीला दहा लिटर.

“पन्नास कायले, शंभर भरतीन!” ती जवळजवळ ओरडलीच. खेमराजांनी जाळी ओढायला घेतली. सुनेच्या शब्दावर जाळी ओढली — तिला तेवढ्यानेच आभाळ ठेंगणं झालं होतं.

नळी पाण्यात बुडाली, पिशव्या टरटरून फुगू लागल्या, आत चांदीची पिल्लं सैरावैरा. सासू रेवताबाई प्रत्येक तोंडाला दोन-दोन रबर आवळत होत्या. “एकटं रबर दगा देते,” म्हणाल्या, “जोडीनंच बांधाव.”

जोडीनं... ज्योत्सनाचा हात नळीवरच थिजला. वायूतला ऑक्सिजनही कधी एकटा नसतो, जोडीनेच फिरतो — सोळा नव्हे, बत्तीस! म्हणजे पंचवीसच मोल. पाचशे साठ लिटर. शंभर नव्हे, छप्पन्न पिशव्या, आणि पाहिजेत पन्नास. वर शंभरच्या भरवशावर आपला हात सढळ, प्रत्येक पिशवीत फुसकन थोडा जास्तच. अर्ध्या भरून झालेल्या. गप्प बसावं? कोणाला कळणार आहे... बोटुकलीला कळेल.

पदराने घाम पुसला आणि तिथेच ती थबकली. बावीस पूर्णांक चार कधी? शून्य अंशाला, बर्फाच्या थंडीत! आणि आमच्या सानगडीत भादव्याचं हे ऊन — या उकाड्यात वायू फुगतो, तोच मोल साडेचोवीस लिटरच्याही वर जागा घेतो... पंचवीस गुणिले... सहाशेच्या वर! ज्याला सकाळपासून शिव्या दिल्या, तो उकाडाच चार-पाच पिशव्या फुकट देऊन गेला. तिला खुदकन हसू फुटलं.

“काहून वं, थांबली?”

“मामाजी, मी चुकली होती. शंभर नाही, साठच भरतीन. हात आखडून भरा लागन.”

“अन् लागते किती?”

“पन्नास.”

“मंग कायले घाबरून राहिली? भर ना.”

ती भरू लागली. नळीचा सूंसूं आवाज तसाच होता, निदान तसाच वाटत होता. वीस-बावीस पिशव्या अजून रिकाम्या होत्या, आणि तरी आत कुठेतरी लखलखीत आनंद पसरत चालला होता — चूक माझी, पकडलीही मीच, आणि बरोबर काय तेही माझंच. आयुष्यात पहिल्यांदा, आपलं उत्तर ताडून बघायला तिला पुस्तकाचं शेवटचं पान नको होतं.