पाण्याला वळण

"पाणी म्हणजे लहान मूल. त्याला वेळीच वळण लावलं नाही, तर ते संस्कृतीच्या संस्कृती बुडवतं," असं म्हणून आमच्या भावजींनी एक पाऊल मागे घेतलं, ते थेट बादलीत. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळतो, त्याखालची ही बादली. भावजी पाणीपुरवठा खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून ती तिथेच आहे.

वळण लावायचं होतं ते माझ्या ताईच्या, ओट्याशेजारच्या काचेच्या टँकमधल्या खाऱ्या पाण्याला. लेक नोकरीसाठी लांब गेली, त्या वर्षी ताईने अंगठ्याएवढं प्रवाळ आणलं आणि वाढवून वाढवून फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं केलं. आता आठवडाभर ते मिटून बसलं होतं.

"पाणी खेळत नाहीये," मासेवाला दुकानदार फोनवर म्हणाला. "असंच राहिलं तर जाईल ते."

त्या दिवशी ताईने चहात मीठ घातलं.

भावजींनी दोन पंप आणले. दोन्ही एकाच काचेला, एका रेषेत, तोंडं थेट प्रवाळावर. "लाइन सरळ हवी," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

टँकमध्ये वादळ उठलं. वाळू वर आली, पाणी दुधासारखं झालं आणि केशरी मासा समोरच्या काचेला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. टँकमधलं माझ्या शर्टावर आलं.

"अहो, बंद करा ते."

"थांब गं, पाणी स्थिरावतंय."

"मासा स्थिरावलाय."

ताईने प्लगच काढला. एक पंप उचलून समोरच्या काचेला लावला, तोंडाला तोंड.

"अगं, असे लावलेस तर भांडतील ते."

"भांडू देत. आपण दोघं कधी एका दिशेने बोललोय? चाललंय ना घर?"

या वेळी दोन धारा मधोमध आपटल्या, फुटल्या आणि दगडांच्या फटीफटीतून फिरू लागल्या. वाळू खाली बसली. मासा सुटला. प्रवाळ मात्र ढिम्म. ताई स्टूल घेऊन समोर बसून राहिली.

संध्याकाळी त्या गड्ड्यातून एक इवलंसं बोट बाहेर आलं. मग दुसरं. मग सगळीच, आणि पाण्याबरोबर डुलायला लागली.

भावजी मटकन जमिनीवर बसले. "हे... जिवंत आहे?"

ताईने वळून पाहिलं. "मग इतकी वर्षं मी कोणाला खायला घालत होते?"

"दगडाला. मला वाटलं, लेक गेल्यापासून तुझं जरा..." त्यांनी कपाळाजवळ बोट फिरवलं. "म्हणून मी कधी काही बोललो नाही."

आता मटकन बसायची पाळी ताईची होती, पण ती आधीच बसलेली होती.

"आणि दगडासाठी दोन-दोन पंप आणलेत?"

"तू चहात मीठ घातलंस ना."

ताईने पदराने टँकची काच पुसली.

"अहो," ताई शेवटी म्हणाली, "सिंकखालची बादली भरलीय. तेवढी ओतून याल?"