दोन कुलपांची मतपेटी

थांबा, मित्रांनो! जवळ येण्याआधी हात दाखवा. मुठीत काही लपवलं नाही ना? बरं, बसा आता. राग मानू नका, माझा स्वभावच संशयी. मी एक जुनी लाकडी मतपेटी आहे.

सुतारकाकांनी मला घडवलं. रंधा मारून गुळगुळीत केलं, झाकणाला लांबट फट पाडली आणि म्हणाले, "पोटातलं ओठावर आणू नकोस हं बाई." ते मी आजवर पाळलं. वरच्या गल्लीतल्या पक्षाने मला विकत घेतलं. निवडणूक आली की मला पुसायचे, टेबलावर मानाने बसवायचे, "काय भक्कम पेटी आहे!" म्हणायचे. निवडणूक संपली की झाडू आणि फाटक्या फलकांबरोबर माळ्यावर रवानगी. मग कुणी ढुंकूनही बघत नसे. गोड बोलणाऱ्यांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

पुढे वरच्या गल्लीचा आणि खालच्या गल्लीचा असे दोन्ही पक्ष एक झाले. कालपर्यंत एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं गळ्यात गळे घालू लागली. मला बाई त्यातलं काही खरं वाटेना. फक्त दोन सख्ख्या बहिणींचा आनंद तेवढा खरा वाटला. थोरली शिवणकाम करायची, ती वरच्या गल्लीच्या पक्षात. धाकटी नर्स, ती खालच्या. पक्षांच्या भांडणापायी त्यांचं बोलणं बंद झालं होतं.

नव्या पक्षाचा अध्यक्ष निवडायचा म्हणून मला माळ्यावरून खाली काढलं. माझ्यावरची धूळ झटकता झटकता थोरली म्हणाली, "आईने निरोप दिलाय. मतमोजणी झाली की दोघी मिळून जेवायला या म्हणाली."

"येणारच की! किती वर्षं झाली गं ताई," धाकटी म्हणाली आणि तिने डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

पण अध्यक्ष कोण? वरचे म्हणाले डॉक्टर, खालचे म्हणाले वकील. झालं! पुन्हा कुजबुज सुरू. मी वरच्या गल्लीची, म्हणून खालच्यांनी मला उलटं केलं, बुडावर टकटक केली, चोरकप्पा शोधला. असा अपमान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. शेवटी निवडणूक घेणारे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "दोन्ही बाजूंनी आपापलं कुलूप लावा. आणि विश्वास म्हणून किल्ल्या एकमेकांच्या हाती द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुलपं लावायचं काम त्या दोघी बहिणींकडे आलं.

थोरली माझ्यावर वाकून कुलूप लावताना पुटपुटली, "हिच्या लोकांनी त्यांच्या कुलपाची जादा किल्ली ठेवली असेल तर? माझीही हिच्या हातात गेली, की दोन्ही कुलपं उघडायला मोकळे." तिने खरी किल्ली गुपचूप पर्समध्ये टाकली आणि बहिणीला शिलाई मशीनच्या खणाची किल्ली दिली. मी चाटच पडले. तेवढ्यात धाकटी वाकली. तिच्याही मनात तेच! खरी किल्ली तिच्या पर्समध्ये गेली आणि ताईच्या हातावर दवाखान्यातल्या कपाटाची पडली. दोघी एकमेकींकडे बघून गोड हसल्या. मी ओरडले असते हो, पण आम्हा पेट्यांचं तोंड फक्त चिठ्ठ्या गिळायला असतं.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीला सभागृह गच्च भरलं. थोरलीने किल्ली फिरवली, कुलूप ढिम्म. धाकटीने फिरवली, तेही ढिम्म. मग तेल आलं, पुन्हा फिरवाफिरवी झाली. लोक बाकांवरून उठले. "पेटीत काळंबेरं आहे!" कुणीतरी ओरडलं. "मोडा ही एकी!" दुसरा ओरडला.

मुख्याध्यापकांनी हात जोडले. "कुणाकडे दुसरी किल्ली आहे का? असेल तर द्या. मी काही विचारणार नाही."

दोघींनी आपापली पर्स छातीशी धरली. थोरली खाली बघत होती, धाकटी खिडकीबाहेर. मी मनातल्या मनात म्हणत होते, काढ गं बाई, एकीने तरी काढ! कुणीच काढली नाही.

सुतारकाकांना बोलावलं. कुलपं मजबूत होती, मी म्हातारी. ज्या हातांनी मला घडवलं, त्यांनीच पहार घालून माझं झाकण उचकटलं. कळ मस्तकात गेली. आतल्या चिठ्ठ्या अगदी चोख निघाल्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. डॉक्टर निवडून आले, वकिलांनी त्यांचा हात हातात घेतला, आणि पक्ष कसाबसा टिकला.

सभागृह रिकामं झालं. दाराशी दोघीच उरल्या.

"तू मला दिलेली किल्ली खरी होती ना गं?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे काय ताई! आणि तुझी?"

"माझीही खरीच."

दोघींनाही कळलं होतं.

"आई जेवायची थांबली असेल," धाकटी म्हणाली.

"तू हो पुढे. मला दुकानात काम आहे."

"मलाही ड्यूटी आहे."

एक डावीकडे गेली, एक उजवीकडे.

मित्रांनो, मी आता या कोपऱ्यात पडून असते. माझं झाकण नीट बसत नाही, पावसाळ्यात लाकूड फुगतं. मला थोडं तेलपाणी करा, दोन खिळे मारा, मी पुन्हा उभी राहीन. पण आपल्या माणसाचा संशय आला, तर तोंडावर विचारा. "तुला किल्ली देणार नाही" म्हणा, हवं तर कडाकडा भांडा. खोटी किल्ली देऊन हसू मात्र नका. त्या दुपारी एका म्हाताऱ्या आईने तीन ताटं मांडली असतील, आणि त्यातली दोन तशीच उचलून ठेवली असतील.