गेटवरची चार मिनिटं

रागावर ताबा कसा ठेवायचा, हे मी चौथीच्या मुलांना शिकवते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या ह्यांना इतकं हसू आलं, की हातातला चहा सांडला. "तू? अगं, तू कुकरच्या शिट्टीवरसुद्धा डाफरतेस!" हसू देत. स्वतः तापट असल्याशिवाय तापट माणूस कळतो कुठे?

आणि तास माझा असा रंगतो, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळतात. मोबाइलवर फिरणारे भांडणांचे व्हिडिओ मी आणते. बँकेच्या काउंटरवर मुठी आपटणारा गृहस्थ, दुकानात सामान भिरकावणारी बाई. आवाज बंद करून भिंतीवर लावते. प्रत्येक मुलाकडे एक लाल कार्ड. माणूस जिथे थांबू शकला असता, तिथे कार्ड वर. मग व्हिडिओ थांबवून आम्ही बोलतो. मोठ्यांना सुचणार नाही असं मुलं सांगतात, अगदी खरं.

सोमवारी शाळा सुटताना एक व्हॅनवाला न बघताच गाडी मागे घेत होता, आणि मागे माझ्याच वर्गातली पिटुकली उभी. मी झडप घालून तिला ओढली. मग त्या माणसाची अशी खरडपट्टी काढली, की गेटवरचे सगळे पालक गप्प. त्यातला एक मात्र शूटिंग करत होता. संध्याकाळपर्यंत मी पालकांच्या ग्रुपवर गाजले.

मंगळवारी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. "लोक हसताहेत हो. तो तुमचा रागाचा तास आता बंद करू या."

माझं डोकंच सणकलं. पोरगी वाचवली मी, आणि तास बंद माझाच? "उद्या माझाच व्हिडिओ लावते," मी म्हटलं. "तुम्ही मागे बसा. मुलांनी मला चूक ठरवलं, तर तास बंद."

मी छातीठोकपणे बोलले. व्हिडिओ दहादा पाहिला होता, माझा एक शब्द वावगा नव्हता. पिटुकलीला आधी विचारावं, हे मनातसुद्धा आलं नाही. तिला अभिमानच वाटेल, असं मी धरून चालले होते.

बुधवारी भिंतीवर मी. व्हॅन मागे येते, मी पिटुकलीला ओढते. एकही कार्ड वर नाही. मी हळूच मोठ्या बाईंकडे बघून घेतलं. व्हॅनवाला खाली उतरतो, मान खाली घालून काहीतरी म्हणतो. आणि खाडकन कार्डंच कार्डं वर!

मी व्हिडिओ थांबवला. "इथे कशाला थांबायचं?" माझा आवाज चढलाच. "चूक त्याची होती ना?"

"पण तो सॉरी म्हणतोय," पहिल्या बाकावरचा म्हणाला. "ती पण वाचली. संपलं की, बाई."

मी वर्गभर नजर फिरवली. एकट्या पिटुकलीचं कार्ड बाकावर होतं. "जिच्यासाठी भांडले, तिलाच विचारू. तुला काय वाटतं गं?"

ती उभी राहिली. "बाई, तुम्ही माझा हात सोडलाच नाहीत."

मी भिंतीकडे पाहिलं. खरंच की. तिचा दंड माझ्या मुठीत होता. दहादा पाहताना मी फक्त स्वतःला पाहिलं होतं.

"दुखलं का गं?"

"तेव्हा दुखलं. मी सांगत होते, पण तुम्ही ओरडत होतात."

मी तिच्या बाकापाशी खाली बसले. "चुकलं माझं. फार चुकलं. बघू हात?"

"आता नाही दुखत," ती म्हणाली, आणि हात पाठीमागे नेला.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, "ठरल्याप्रमाणे तास बंद."

"तास चालू राहू दे," त्या उठत म्हणाल्या. "हा व्हिडिओ तेवढा बंद करा."

"नको," पिटुकली म्हणाली. "पूर्ण लावा. बाईंनी बघितलाच नाहीये."

मी व्हिडिओ सुरू केला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. भिंतीवरची मी हातवारे करत होते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ती पोर हिसडली जात होती. टाचा उंचावून दुसऱ्या हाताने ती माझी बोटं सोडवू पाहत होती. तिचे ओठ सारखे हलत होते. बाई, बाई, बाई. चार मिनिटं ती मला हाक मारत होती.