झाकणाऱ्याचा बंदा

कल्याणच्या रेतीबंदरावर अब्दुस सत्तारला कुणी नुसतं ‘सत्तार’ म्हणून हाक मारली, तर तो वळूनही पाहत नसे. लोक म्हणत, होडी रेतीची आणि मिजास नवाबाची. गुरुदत्त बी.एस्सी. होऊन नुकताच शाळेत शास्त्र शिकवायला लागला होता. खाडीच्या पाण्याचा खारेपणा तपासायला तो बाटल्या घेऊन बंदरावर येई, आणि प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“सत्तार एकच, मास्तर,” अब्दुस सत्तारने त्याला समजावलं होतं. “माणसांचे दोष झाकणारा अल्ला. मी त्याचा अब्द, म्हणजे बंदा. धन्याचं नाव चाकराला कसं लावायचं?”

“आणि बंद्याने करायचं काय?”

“धन्याचा गुण थोडा तरी अंगी आणायचा. दिसलेलं झाकायचं.”

“मग मी नापास,” गुरुदत्त हसला होता. “दिसलं ते जसंच्या तसं सांगायचं, हीच आमची शिकवण.”

१९५२ सालचा उन्हाळा. अब्दुस सत्तारच्या होडीच्या नांगरात अडकून मोरू कोळ्याचं जाळं पुन्हा फाटलं. मोरू वल्हं घेऊनच किनाऱ्यावर आला. एक शिवी हासडली आणि वल्हं अब्दुस सत्तारच्या जबड्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज गुरुदत्तने स्पष्ट ऐकला. अब्दुस सत्तार चिखलात कोसळला, तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. मोरू वल्हं खाडीत भिरकावून आपल्या झोपडीत पळाला. बघायला होता एकटा गुरुदत्त.

आरडाओरडा ऐकून अब्दुस सत्तारचा धाकटा भाऊ दाऊद आणि खलाशी पहारी घेऊन धावत आले.

“भाई, कोनी मारलान?”

अब्दुस सत्तारने हात उचलून होडीकडे दाखवलं. “शिडाची... काठी,” एवढंच तो बोलला. मग त्याची नजर गुरुदत्तवर स्थिरावली आणि डोळे मिटले.

“शीड तर गुंडालेलं हाय!” दाऊद गुरुदत्तकडे वळला. “मास्तर, तुमी खोटं नाय बोलत. कोन होता?”

गुरुदत्तला नाव ठाऊक होतं. झोपडी हाकेच्या अंतरावर होती, झावळ्यांनी शाकारलेली. आत मोरूची बायको सगुणा होती, पोरं होती. एक काडी पुरली असती.

“काठीच आदळली,” तो म्हणाला.

दाऊदने त्याच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. दुसऱ्या फटक्यात नाक फुटलं.

“कोन?”

“काठी.”

मग खलाशांनी त्याला पाडलं. बरगड्यांवर लाथा बसल्या. दाऊदने केस धरून त्याचं तोंड चिखलात दाबलं. नाकातोंडात गाळ गेला, छाती फुटायला आली. त्या अंधारात त्याला अब्दुस सत्तार आठवला नाही, त्याचा धनीही आठवला नाही. मोरू आठवला, दाराच्या फटीतून बघत बसलेला. हा मार त्याचा होता! वर काढल्यावर नाव ओकून टाकायचं, असं त्याने ठरवलंसुद्धा. दाऊदने त्याचं डोकं वर ओढलं.

“काठी,” गुरुदत्त म्हणाला, आणि रडू लागला.

दाऊदने पहार उगारली. मग पहार बाजूला टाकून तो ओरडला, “भाईला उचला आदी! मरंल तो!”

अब्दुस सत्तारला फळीवर घालून ते टांग्याकडे निघाले. गुरुदत्त बरगडी धरून कसाबसा उभा राहिला. तेवढ्यात झोपडीचं दार उघडलं. मोरू हात जोडत, रडत, धडपडत त्याच्यापर्यंत आला.

“मास्तर, देवमानूस तुमी! माज्यासाटी तुमी एवरा मार...”

गुरुदत्तने सगळा जीव एकवटून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जन्मात त्याने कुणावर हात उगारला नव्हता. मोरू खाली पडला तसा तो त्याच्या छातीवर बसला आणि मारतच राहिला. तोंड बंद व्हावं म्हणून मारत होता, की त्याच्या वाट्याचा मार त्याला परत द्यावा म्हणून, हे त्याचं त्यालाही कळेना.

दाऊद थांबून मागे वळला. खलाशीही थांबले.

“मास्तर! त्याला कशाला मारताय? काय केलान त्याने?”

मोरूचे फुटलेले ओठ हलले. गुरुदत्तने त्यांवर पंजा दाबून धरला.

“तुम्ही मला मारत होतात तेव्हा हा दारात उभा राहून हसत होता,” तो म्हणाला.

दाऊद मोरूच्या दिशेने थुंकला आणि त्याने फळीला खांदा दिला.