रोवण्याची चाल

डोमानं झेप घेतली, डाव्या मांडीवर सहा हात घसरला आणि चंचलच्या पायातला चेंडू रेषेबाहेर उडवला. मग तसाच चिखलात पडून राहिला, टाळीची वाट बघत.

टाळी आली नाही. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत रीताबाई त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

"ऊठ गा. निजलेला माणूस घर राखते का?"

"बॉल तं काढला ना, बाई."

"काढला. आता आणखी एकदा काढ. चंचल, ये वं."

चंचल रीताबाईच्या मुलींच्या संघातली विंगर, एकोणीस वर्षांची. ती चेंडू घेऊन आली, डावा खांदा जरासा झुकवला. डोमा डावीकडे घसरला, ती उजवीकडून निघून गेली. रिकाम्या गोलात चेंडू टाकून ती वळली.

"भाऊ, तिकडं कुठी चालले? मी इकडं आहो!"

डोमा तेहतीस वर्षांचा. पंधरा वर्षं तो व्यावसायिक फुटबॉल क्लबांमध्ये स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा बचावपटू म्हणून खेळला होता. त्याचं घसरून चेंडू काढणं सिंदेवाहीपासून गडचांदूरपर्यंत लोकांच्या फोनवर फिरायचं. पण गेल्या हंगामात त्यानं तीन लाल कार्डं खाल्ली आणि क्लबनं करार वाढवला नाही. ऑगस्टच्या शेवटी नागपूरला एक सराव सामना आहे, त्यात बघू, एवढंच म्हणाले. 'बघू' म्हणजे काय, हे तेहतिशीतल्या खेळाडूला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा रीताबाईचा निरोप आला होता. 'तुह्या खेळाचा आजार मले ठाऊक आहे. ये.'

गाव हसलं. बाईमाणूस डोमाला शिकवणार! हसणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, की ही बाई राज्याच्या संघातून खेळलेली आहे. पण जिल्ह्याच्या फुटबॉल मंडळानं वीस वर्षं तिच्याकडून मैदानावर चुन्याच्या रेषा मारून घेतल्या, पाहुण्यांना हार घालून घेतले आणि पुरुषांचा संघ एकदाही तिच्या हाती दिला नाही. संघ कुणाला दिला? ज्याला ऑफसाइड कळत नव्हतं, पण पुढाऱ्याच्या गाडीचं दार वेळेवर उघडता येत होतं, त्याला. डोमालाही पंधरा वर्षांत असलेच भेटले. पाठ थोपटायला सगळे पुढे, शिकवायला कोणी नाही.

रीताबाईनं पायरीवर बसून फोन काढला. त्यात डोमाच्या सगळ्यात गाजलेल्या टॅकलचा व्हिडिओ होता. तिनं तो वीस सेकंद मागं नेला.

"हे पाय. बॉल अजून मधात आहे, अन तू कुठी उभा आहेस?"

डोमा पडद्यावरच्या डोमाकडे बघत राहिला. तो चार पावलं चुकीच्या जागी होता. टाचा टेकवून, सरळ ताठ.

"आग तूच लावली, अन विझवली बी तूच. लोकं विझवल्याच्या टाळ्या वाजवतेत," ती म्हणाली. "पायात जोर व्हता तवा पोचत व्हतास. आता पोचत नाईस, मंग दुसऱ्याची नळी फोडतेस."

डोमानं फोन पायरीवर ठेवला आणि बूट न काढताच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मैदानावर हजर.

"आज मैदान नाई," रीताबाई म्हणाली. "चाल तुह्याच बांधीत."

डोमाच्या भातखाचरात, त्या बांधीत, रोवणा चालू होता, म्हणजे भाताची लावणी. डोमाची बायको गिरजा आणि आठ बाया घोटाभर चिखलात वाकून ओळीनं उलट्या सरकत होत्या. मूठभर पऱ्हे हातात, एक रोप खोचलं की पाऊल मागं, दुसरं खोचलं की पाऊल मागं.

"म्या इथी काय करू?"

"पेंडी घे, अन त्यायच्या संगं मांगं मांगं ये."

डोमानं रोपांची पेंडी घेतली, मागं टांग टाकली. टाच रुतली आणि तो ढुंगणावर बसला. बाया खदखदून हसल्या.

"माय वं!" गिरजा म्हणाली. "पंधरा वर्ष पायानं खेळला हा माणूस, अन दोन पाय सांभाळता येत नाई!"

ओळीच्या टोकाला म्हातारी भागीरथा होती. ती हसली नाही, हातही थांबवला नाही.

"टाच नोको टेकवू, बाबू. पाय उचलू नोको, सरकव. मांगं धुरा कुठी आहे ते पाहाले मान कायले फिरवतेस? कंबरेले कळू दे."

शेताच्या बांधावरून, त्या धुऱ्यावरून रीताबाईनं विचारलं, "आयकलं? पंधरा वर्षात तुले हे कोणं सांगतलं?"

डोमा उठला. चिखल पुसला नाही. पुन्हा पेंडी घेतली.

त्यानंतर सकाळी रोवणा आणि दुपारनंतर चंचल. नियम एकच. चंचलसमोर घसरून चड्डीला माती लागली, की दुसऱ्या दिवशी आणखी एक बांधी रोवायची. पहिल्या आठवड्यात त्यानं आपली बांधी संपवून शेजाऱ्याच्याही दोन रोवल्या. चंचल डावा खांदा झुकवायची आणि डोमाची मांडी आपोआप जमिनीकडे ओढ घ्यायची. तो दात आवळून उभा राहायचा. बारीक पावलं, अंग तिरपं, नजर चेंडूवर. मागं, आणखी मागं, आणि हळूहळू तिला रेषेकडे ढकलत. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी चंचलनं चेंडू रागानं बाहेर मारला.

"बाई, हा माणूस पुढं जाऊ बी देत नाई, अन बॉल घेत बी नाई! खेळावं कसं?"

"तेच तं पायजे," रीताबाई म्हणाली, आणि शिट्टी खिशात टाकली.

नागपूरच्या सामन्यात चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला समोरच्या संघातला आदेश नावाचा खेळाडू चेंडू घेऊन सुटला. बावीस वर्षांचं पोरगं, वाऱ्यासारखं. मधे फक्त डोमा.

"काप त्याले, डोमा!" कुंपणावरून लोक ओरडले. "घसर!"

डाव्या मांडीला खाज सुटली. डोमा मागं सरकला. आदेशनं खांदा टाकला, डोमा सरकला. पेनल्टीची रेषा मागं किती आहे, हे मान न फिरवता कंबरेला कळत होतं. आदेशनं पुन्हा हूल दिली, पुन्हा. शेवटी त्यानं घाईनं चेंडू जरा लांब टाकला, आणि डोमानं उभ्या उभ्या तो पायात घेतला. जणू वाटेत पडलेलं काही उचललं.

कोणी टाळी वाजवली नाही. कुंपणावरून एकजण म्हणाला, "भेला बे. म्हातारा झाला."

सामना संपल्यावर क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "डोमा, आज तू दिसलाच नाहीस."

मागून क्लबचा प्रशिक्षक आला.

"म्हणूनच ठेवतोय त्याला. दोन हंगाम." मग डोमाकडे वळून, "कोणाकडे तयारी केली?"

"रीताबाई."

"कोण रीताबाई? कुठला क्लब?" सेक्रेटरीनं हसत विचारलं.

"क्लब नाई. नंबर सांगतो, लिहून घ्या," डोमा म्हणाला. सेक्रेटरीनं पेन काढेपर्यंत तो तिथून हलला नाही.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचला. फोनवर गिरजाला त्यानं फक्त 'येतो' एवढंच सांगितलं होतं. तिनं वाटीत हळद घालून तेल गरम केलं होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, प्रत्येक सामन्यानंतर त्याच्या सोललेल्या डाव्या मांडीला ती हे तेल लावत आली. तिनं बॅगेतून पांढरी चड्डी काढली. उलटी केली, सुलटी केली. कुठं हिरवा डाग नाही, माती नाही. तिचं तोंड उतरलं.

"बसवून ठेवलं का तुमाले?"

"पूरे नव्वद मिनिट खेळलो. दोन सालाचं पक्कं झालं."

गिरजा चड्डीकडे बघतच राहिली.

"मंग हे तेल?"

डोमानं पँट गुडघ्यापर्यंत सरकवली. "मांडीले नाई. इथी लाव."

तिनं पोटरी दाबून पाहिली. दगड झाला होता. तिची बोटं तिथंच थांबली.

"रोवण्यात माह्या बी अशाच होतेत," ती म्हणाली. "दरसाल."

डोमानं तिच्या हातातून वाटी घेतली.

"बस इथी," तो म्हणाला. "पाय इकडं कर."