शालूबाईंचा काणाडोळा

तासगावच्या शालूबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, पण उजवा डोळा घारीचा. मालकांची, म्हणजे त्यांच्या निवृत्त सुभेदार नवऱ्याची, रक्तातली साखर वाढल्यापासून शालूबाईंची त्यांच्यावर करडी नजर असे. तरी त्या दिवशी बेदाण्याच्या शेडमध्ये सुभेदारांनी गुपचूप मूठभर बेदाणे तोंडात टाकले, तेव्हा शालूबाईंनी उजव्या डोळ्यावर पदर धरला. म्हणाल्या, "मला काय दिसत न्हाई बाई."

शेजारी बसलेली नात साक्षी कॉलेजात इंग्रजी शिकत होती. ती हसली. "आज्जी, इंग्रज याला आंधळा डोळा फिरवणं म्हणतात. नेल्सन नावाचा त्यांचा आरमारी सरदार एका डोळ्यानं आंधळा होता. भर लढाईत वरिष्ठांनी माघारीची खूण केली, तर यानं दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला खूण दिसतच नाही. अशी गोष्ट सांगतात."

"मग जिंकला का?"

"जिंकला की."

शालूबाईंना बरं वाटलं. "आमी त्यालाच काणाडोळा म्हणतो. महिनाभर कारल्याचा रस पिलाय बिचाऱ्यांनी. पण दुसरी मूठ भरली, तर मला दोन्ही डोळ्यांनी दिसंल म्हणून सांग त्यास्नी."

सुभेदारांनी पुढं केलेला हात हळूच खिशात घातला.